घंगाळ निर्दोष आहे!

टेरेसवाला फ्लॅट घेतला की माणसाला दोन गोष्टींची स्वप्नं पडायला लागतात. एक झोपाळा आणि दुसरं कारंजं. झोपाळ्याचं एक बरं असतं. दोन हूक, चार साखळ्या, विषय संपला. कारंज्याचं तसं नाही. तिथे पाणी येतं. पाणी आलं की प्लंबर येतो, प्लंबर आला की पाइप येतात, आणि पाइप आले की बारा गावचे धातू एकाच पाण्यात येऊन बसतात. खरी गंमत तिथून सुरू होते.

त्यात सध्या फॅशन आहे ती जुन्या भांड्यांची. ज्या घंगाळात आजोबा बंबातलं कढत पाणी घेऊन आंघोळ करायचे, ते घंगाळ माळ्यावरून खाली उतरतं, पीतांबरीने घासून लख्ख होतं आणि टेरेसच्या कोपऱ्यात जाऊन बसतं. मागे दोन-चार केळीची पानं, वर बांबूची पन्हळ, त्यातून पडणारी पाण्याची बारीक धार. दिसतं झक्कास. संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर त्या आवाजाने डोकं खरंच शांत होतं, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. माझा आक्षेप कारंज्याला नाहीच. माझा आक्षेप आहे तो त्या घंगाळाला जोडलेल्या अर्ध्या इंची लोखंडी तुकड्याला.

एका मैत्रिणीची गोष्ट

माझी एक मैत्रीण पुण्यात बाणेरला राहते. सातवा मजला, छोटीशी टेरेस. तिने साताऱ्याहून आजीचं घंगाळ आणलं. चांगलं जाड पत्र्याचं, दोन कड्यांचं, तिघी-चौघींच्या लग्नात मिरवून आलेलं. प्लंबर आला. तो म्हणाला, ‘‘ताई, प्लॅस्टिक नको, उन्हात कडकतं. जीआय टाकतो, पुन्हा बघायला नको.’’ प्रामाणिक माणूस होता, त्याच्या परीने तो मजबूत वस्तूच देत होता. घंगाळाच्या बुडाजवळ भोक पाडलं, त्यात जीआयचं निपल, आतून-बाहेरून चेकनट, वर टेफ्लॉन टेपचे भरपूर वेढे, पुढे एल्बो, मग मागे लपवलेला छोटा पंप आणि तिथून पाइप वर पन्हळीला. पाइपचा क्लॅम्प घंगाळाच्याच लोखंडी स्टँडला मारला. दिवाळीच्या गेट-टुगेदरला सगळ्यांनी फोटो काढले.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर खालच्या मजल्यावरचे काका वर आले. ‘‘अगं, आमच्या हॉलच्या सिलिंगला ओल आलीय. तुझ्याकडे काही गळतंय का बघ बरं जरा.’’ बघितलं तर घंगाळाखाली फरशीवर नारिंगी डाग, चेकनटभोवती तपकिरी चिखलासारखं काहीतरी, आणि टपटप. प्लंबरने पाना लावला, तर निपल अर्ध्यात तुटून हातात आलं. आटे गायब. उरलं होतं ते बिस्किटासारखं कुरकुरीत लोखंड.

घरात एकमताने निकाल लागला. भांडं जुनं आहे, झिजलंय, आता ते मोडीत काढायचं. मैत्रिणीच्या आईने ‘‘तुझ्या आजीचं आहे गं ते’’ एवढंच म्हटलं आणि गप्प बसली. खालच्यांच्या सिलिंगचा खर्च डोक्यावर, त्यापुढे आजीची आठवण किती वेळ टिकणार? मोडवाल्याकडे भाव विचारून झाला होता. त्या आठवड्यात मी सहज तिच्याकडे गेले म्हणून घंगाळ उलटं करून पाहिलं. भोकाची कड स्वच्छ, पत्रा शाबूत. तांब्याला ओरखडाही नव्हता. गळत होतं ते फक्त निपल. आणि निपल खाल्लं होतं ते घंगाळानेच, तेही स्वतःला काहीही होऊ न देता!

फंडा काय आहे?

शाळेत सायन्स एक्झिबिशनला लिंबाची बॅटरी केली होती, आठवतंय? लिंबात एका बाजूला तांब्याची तार, दुसऱ्या बाजूला जस्ताचा मुलामा दिलेला खिळा. दोन्ही तारेने जोडले की किंचित वीज वाहते. १८०० साली व्होल्टाने पहिली बॅटरी बांधली ती याच तत्त्वावर, दोन वेगळ्या धातूंच्या चकत्या आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेलं कापड. आपल्या टेरेसवरचं घंगाळ म्हणजे त्याच बॅटरीची मोठी आवृत्ती. तांब्याचं भांडं, जस्त लावलेल्या लोखंडाचं निपल आणि दोघांना भिजवणारं पाणी. या बॅटरीचा शॉक लागत नाही, दाब जेमतेम एक व्होल्टच्या आसपास. पण वीज फुकट तयार होत नाही. तिची किंमत म्हणून दोघांपैकी एक धातू विरघळत जातो.

कोणता? तर जो जास्त ‘हळवा’ तो. पाण्यातल्या धातूंची एक उतरंडच आहे. सर्वांत हळवं जस्त, त्याच्या जवळ अ‍ॅल्युमिनियम, मग लोखंड, मग शिसं आणि कथील, मग पितळ, तांबं, ब्राँझ. चांगलं स्टेनलेस स्टील तांब्याच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे. रांगेत जवळजवळ बसणारे धातू गुण्यागोविंदाने राहतात. म्हणून तांबं आणि पितळ यांचं जमतं. रांगेत जितकं अंतर जास्त, तितकं भांडण मोठं, आणि भांडणात कायम हळव्याचा बळी.

गंमत म्हणजे जीआयमधल्या ‘जी’चा अर्थ ‘गॅल्वनाइज्ड’. हे नाव आलं इटलीतल्या बोलोन्याच्या लुइगी गॅल्वानीवरून. बेडकाच्या तंगडीला दोन वेगळे धातू लावले की ती झटका देते, हे त्याने १७९१ साली प्रसिद्ध केलं होतं. लोखंडावर जस्त चढवतात ते याच भांडणाचा फायदा घेण्यासाठी. जस्ताने आधी मरावं आणि लोखंडाला वाचवावं. म्हणजे जीआय पाइप स्वतःचा बळीचा बकरा सोबत घेऊनच येतो. पण समोर भलंमोठं तांबं आलं, की तो पातळ थर किती दिवस पुरणार?

हत्ती आणि मुंगी

इथे तुम्ही म्हणाल, आमच्या सोसायटीत जीआयच्या लाईनवर पितळी कॉक वर्षानुवर्षं आहेत, ते कसे टिकले? बरोबर प्रश्न. उत्तर आकारात आहे. लाईनमध्ये लोखंड भरपूर आणि पितळ एवढंसं. झीज मोठ्या लोखंडावर पसरते, जाणवत नाही. घंगाळात उलटं होतं. तांबं हत्तीएवढं आणि लोखंड मुंगीएवढं. सगळ्या तांब्याची भूक त्या बोटभर निपलने भागवायची. त्यातही आट्यांपाशी धातू सर्वांत पातळ. म्हणून पहिला बळी आट्यांचा. नियम लक्षात ठेवा: हळवा धातू लहान तुकड्यात आणि दांडगा धातू मोठ्या आकारात, ही सर्वांत वाईट जोडी.

पाणी कोणतं, यावरही बरंच अवलंबून आहे. बोअरवेलच्या आणि टँकरच्या पाण्यात क्षार जास्त असतात. असं पाणी वीज चांगली वाहतं आणि काम लवकर तमाम करतं. उन्हाळ्यात कारंज्यातलं पाणी उडतं, आपण वरून भर घालत राहतो, क्षार मात्र उडत नाहीत, ते साठत जातात. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी खाऱ्या हवेचाही हिशेब धरावा.

हा धडा माणसाने फार महागात शिकलाय. १७६१ साली ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ नावाच्या जहाजाच्या लाकडी बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले, लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचाव म्हणून. ठोकले ते लोखंडी खिळ्यांनी. वेस्ट इंडीजची सफर करून आल्यावर १७६३ साली तपासलं तर तांबं ठीक, खिळे मात्र कुजलेले. काही खिळे तेवढे शाबूत होते. का? तर पत्रे ज्या ब्राऊन पेपरमध्ये गुंडाळून आले होते, त्याचे तुकडे त्या खिळ्यांखाली चुकून राहून गेले होते! त्या कागदाने तांब्याला आणि लोखंडाला एकमेकांना शिवू दिलं नाही, बस्स.

न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचंही तेच झालं. १८८६ सालचा तो पुतळा बाहेरून तांब्याचा आणि आतून लोखंडी सांगाड्याचा. मध्ये शेलॅकमध्ये बुडवलेलं अ‍ॅस्बेस्टॉसचं कापड घातलं होतं. कालांतराने ते निकामी झालं आणि लोखंड गंजून फुगलं. १९८६ साली शंभरी गाठेपर्यंत त्याचं मोठं काम करावं लागलं. लोखंडी पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या घातल्या आणि मध्ये टेफ्लॉन.

मग आमच्याकडेही टेफ्लॉन होतंच की!

होतं, पण टेपच्या रूपात. निपल आवळताना आटे टेप कापतात आणि धातूला धातू टेकतोच. ती टेप पाणी अडवायला आहे, धातू वेगळे ठेवायला नाही. सफेदा आणि सूत यांचंही तेच.

बॅटरी चालायला तीन गोष्टी लागतात: दोन वेगळे धातू, दोघांचा एकमेकांना स्पर्श आणि दोघांना भिजवणारं एकच पाणी. यातली एक तोडा, भांडण थांबतं. पाणी तर तोडता येत नाही, ते नाही तर कारंजं कसलं? उरतो स्पर्श, किंवा मग धातूच एक ठेवायचा.

पण कारंज्यात आणखी एक मेख आहे, जी भल्या भल्या प्लंबरकाकांना सुचत नाही. घरातल्या लाईनचा नियम असा, की पाण्याच्या वाटेवर आधी जीआय, नंतर तांबं. उलटं करायचं नाही. कारण तांब्याचा अगदी बारीक अंश पाण्यात उतरतो, पुढे जाऊन जस्तावर बसतो आणि तिथे टाचणीएवढे खड्डे पाडायला लागतो. कारंज्यात पाणी गोल गोल फिरतं. तिथे ‘आधी’ आणि ‘नंतर’ काही नसतंच! म्हणून घंगाळाचं कारंजं असेल तर त्या चक्रात जीआय आणि अ‍ॅल्युमिनियम कुठेच नको, अगदी घंगाळाला स्पर्श होत नसला तरीही.

काय करायचं?

भोक पाडलेलं नसेल तर पाडूच नका. हा माझा पहिला सल्ला. छोटा सबमर्सिबल पंप घंगाळातच ठेवा, प्लॅस्टिकची नळी काठावरून बाहेर काढा आणि केळीच्या पानाआड लपवा. आजीचं भांडं आहे तसं राहतं, आणि उद्या कंटाळा आला तर परत दिवाणखान्यात ठेवता येतं.

भोक पडलंच असेल तर प्लॅस्टिकचं टँक निपल घ्या. तेच, जे गच्चीवरच्या काळ्या टाकीला लावतात. आतून आणि बाहेरून रबरी वॉशर, म्हणजे गोल पत्र्यावरही नीट बसतं. हाताने आवळा आणि मग पान्याने जेमतेम अर्धा फेरा. जोर दाखवायची जागा ही नव्हे. पुढची सगळी लाईन प्लॅस्टिकची. उन्हात ते कडकतं, हे प्लंबर खरंच सांगतो. त्यावर उपाय म्हणजे पाइप सावलीत किंवा झाडाआड ठेवणं, नाहीतर वरून रंगाचा हात देणं.

प्लॅस्टिक डोळ्यांना खुपत असेल तर पितळी टँक निपल आणि तांब्याचा पाइप चालेल. खिसा हलका होईल, पण दिसेल राजेशाही. काही पाण्यात पितळातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि पितळ गुलाबी, ठिसूळ होतं. तेव्हा वर्षातून एकदा नजर टाका. आणि आधीपासून भिंतीत असलेल्या जीआयच्या लाईनवरून कारंज्यात पाणी भरायचं असेल, तर ते वरून पडू द्या, नळ आणि घंगाळ यांच्यात हवेचं अंतर ठेवा. जोडच नाही, तर भांडणही नाही.

स्टँड विसरू नका. मैत्रिणीकडे निपलखेरीज दुसरीही वाट होती. घंगाळ लोखंडी स्टँडवर टेकलेलं आणि पाइपचा क्लॅम्पही त्याच स्टँडला. जोडात उत्तम प्लॅस्टिक घातलं असतं, तरी धातूचा धागा स्टँडमधून पूर्ण झालाच असता. घंगाळाखाली जाड रबराचा तुकडा ठेवा. अ‍ॅल्युमिनियमचं स्टँड तर नकोच. वरून तांब्याचं पाणी ठिबकत राहिलं की त्यालाही खड्डे पडतात.

लाईनमध्ये कुठे धातू राहिलाच असेल, तर सगळं जोडून झाल्यावर पण पाणी भरायच्या आधी, कोरडं असताना मल्टिमीटर मागा. तो बीपवर ठेवून एक टोक घंगाळाला आणि दुसरं त्या धातूला लावा. बीप वाजली तर कुठेतरी धातूला धातू टेकलाय. शोधा आणि तोडा. इलेक्ट्रिशियनचं दोन मिनिटांचं काम आहे.

आणि पंपाचं?

आत्तापर्यंतची वीज गरीब होती. पंपाची वीज तशी नाही. २३० व्होल्टचा पंप धातूच्या भांड्यात ठेवणार असाल तर त्या लाईनवर ३० मिलिअ‍ॅम्पियरचा आरसीसीबी हवाच, प्लग तीन पिनांचाच, आणि पाण्यात हात घालायच्या आधी स्विच बंद करून प्लग काढायचा. घरात लहान मुलं असतील तर सरळ १२ व्होल्टचा पंप घ्या. धार थोडी बारीक पडेल, पण शांत झोप लागेल.

आता मासे. घंगाळात गप्पी सोडायचा मोह अनेकांना होतो, डासांवर उपाय म्हणून. तांब्याच्या भांड्यात हे करू नका. पाण्यात उतरणारं तांबं आपल्याला दिसत नाही, पण माशांना आणि गोगलगायींना ते विष आहे. मासे हवेतच तर दगडी किंवा सिमेंटचं कुंड घ्या. घंगाळवाल्यांसाठी डासांवरचा उपाय जुनाच: आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण काढायचं आणि आतली कड घासायची. डेंग्यूचा डास अंडी पाण्याच्या कडेला चिकटवतो आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. आपण त्यांना सातवा दिवस ओलांडू द्यायचा नाही. त्यातच साठलेले क्षारही निघून जातात, म्हणजे एका घासण्यात दोन कामं. चिंच-मीठ लावलंत तर नीट खळबळून मगच भरा.

मैत्रिणीचं घंगाळ मोडीत गेलं नाही. भोकाची कड कसबा पेठेत तांबट आळीत जाऊन सरळ करून घेतली. तिथल्या कारागिराने भांडं हातात घेऊन बोटाने वाजवलं, बाहेरच्या मठारकामावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, ‘‘हे अजून दोन पिढ्या कुठं जात नाही.’’ मैत्रिणीची आई सोबत होती. तिने तिथेच पर्समधून रुमाल काढला आणि घंगाळ पुसायला घेतलं. टँक निपल आणि दोन वॉशर आम्ही बोहरी आळीतून घेतले. खालच्या काकांच्या सिलिंगला रंग मैत्रिणीने लावून दिला. त्या रंगाच्या बिलापुढे टँक निपलची किंमत म्हणजे किस झाड की पत्ती.

तेव्हा या वीकएन्डला एवढंच करा. तुमच्या कारंज्याच्या टाकीखाली वाका आणि जोड बघा. लोखंडाच्या आणि तांब्याच्या सीमेवर नारिंगी किंवा पांढरट पावडर दिसली, तर सिलिंगवाले काका वर यायच्या आत प्लंबरला फोन लावा. आणि तो ‘‘जीआय टाकतो’’ म्हणाला, तर त्याला चहा द्या, आणि लिंबाची बॅटरी समजावून सांगा.

पुढच्या वेळी झोपाळ्याच्या हुकांबद्दल बोलू. तेही वाटतात तितके सरळ नसतात.